सर्दीची साधी गोळी खरोखर किती साधी?

पावसाळ्याचा पहिला आठवडा असो की दिवाळीनंतरची पहिली थंडी, संध्याकाळच्या वेळी शहरातील कोणत्याही औषधाच्या दुकानासमोर पाच मिनिटे उभे राहिले की एक संवाद हमखास कानी पडतो. ‘सर्दीवर काहीतरी द्या,’ असे गिऱ्हाईक म्हणते. ‘झोप येणारी देऊ की न येणारी?’ एवढेच विक्रेता विचारतो, तेही विचारलेच तर. मग तो खोक्यातून पट्टी काढतो, कात्रीने चार गोळ्यांचा तुकडा कापतो आणि कागदी पुडीत घालून गिऱ्हाइकाच्या हाती ठेवतो. दहा-वीस रुपयांत व्यवहार पूर्ण होतो. औषधाचे नाव, त्यातील घटक, वापराची मुदत आणि छापलेला इशारा मात्र बहुतेक वेळा पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर, म्हणजे दुकानातच राहतो.

या गोळीत काय असते, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही. कारण ती ‘साधी’ सर्दीची गोळी असते. वैद्यकशास्त्राच्या भाषेत तिला अँटिहिस्टामिन म्हणतात. अ‍ॅलर्जीच्या रुग्णांना या औषधांनी गेली सात-आठ दशके मोठा दिलासा दिला आहे आणि योग्य माणसाने, योग्य कारणासाठी, योग्य मात्रेत घेतली तर ती बहुतांशी सुरक्षितही आहेत. प्रश्न आहे तो ‘साधी’ या विशेषणाचा. या एका शब्दाच्या आड काय काय झाकले जाते, याचा विचार शहरी, सुशिक्षित घरांतूनही अभावानेच होतो.

कायद्याची अर्धी उघडी खिडकी

प्रथम कायद्याकडे पाहू. चिठ्ठीविना काउंटरवर मिळणारे औषध, म्हणजे ‘ओटीसी’, हा शब्द आपण सर्रास वापरतो. पण १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात अशा वर्गाची व्याख्याच करण्यात आलेली नव्हती. ‘शेड्यूल एच’मधील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, एवढे कायदा सांगतो, जे त्यात नाही ते आपोआप मोकळे, असा सोयीचा अर्थ बाजाराने लावला. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन ही जुनी अँटिहिस्टामिन औषधे ‘शेड्यूल जी’मध्ये मोडतात. वैद्यकीय देखरेखीवाचून हे औषध घेणे धोक्याचे आहे, असा इशारा त्यांच्या वेष्टणावर छापणे बंधनकारक आहे. म्हणजे जी गोळी आपण शेंगदाण्यांसारखी पुडीत बांधून आणतो, ती देखरेखीखाली घ्यावी असे कायद्याचेच म्हणणे आहे. पण हा इशारा मुंगीएवढ्या अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत असतो. त्यातही कात्री चालली की तोही हाती लागत नाही.

शिंक एक, कारणे दोन

ही औषधे नेमके काय करतात, हे समजल्याशिवाय त्यांचा सुरक्षित वापर शक्य नाही. धूळ, परागकण, बुरशी किंवा गाजरगवत यांसारख्या एखाद्या पदार्थाशी शरीराचे वैर जडले की विशिष्ट पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात. त्यामुळे शिंका येतात, नाक-डोळे वाहतात, खाज सुटते, अंगावर गांधी उठतात. हिस्टामिनला त्याच्या ठरलेल्या जागी बसू न देणारे औषध म्हणजे अँटिहिस्टामिन. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोवे यांनी १९३७ मध्ये असे पहिले द्रव्य दाखवून दिले आणि १९५७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अ‍ॅलर्जीत ही गोळी गुणकारी ठरते ती यामुळेच. पण विषाणूमुळे होणाऱ्या नेहमीच्या पडशाची गोष्ट वेगळी आहे. तेथे हिस्टामिनचा वाटा फारसा नसतो. जुन्या गोळ्यांनी पडशात नाक थोडे कोरडे पडते, ते त्यांच्या वेगळ्याच गुणधर्मामुळे: त्या शरीरातील स्राव सुकवतात. म्हणूनच नाकाबरोबर तोंडही कोरडे पडते. नव्या गोळ्यांत हा गुण जवळजवळ नसल्याने साध्या पडशात सेटिरिझिन घेऊन फारसे काही साधत नाही. उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये काढलेला निष्कर्षही असाच आहे. प्रौढांना पडशाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत अँटिहिस्टामिनने किंचित बरे वाटते. त्यापुढे गोळी घेतली काय नि न घेतली काय, फरक दिसत नाही. औषध घेतले तर सर्दी सात दिवसांत बरी होते आणि न घेतले तर आठवड्यात, हा जुना विनोद शास्त्राच्या कसोटीवरही उतरतो म्हणायचा!

तेव्हा गोळी घेण्याआधीचा पहिला प्रश्न ‘कोणती?’ हा नसून ‘कशासाठी?’ हा असायला हवा. ताप, अंगदुखी, घसादुखी असेल आणि चार-सहा दिवसांत उतार पडत असेल, तर ते बहुधा पडसे. ताप नाही, पण नाक-डोळ्यांना खाज आहे, शिंकांच्या माळा लागतात आणि झाडलोट केली वा विशिष्ट ऋतू आला की त्रास उफाळतो, तर ती बहुधा अ‍ॅलर्जी.

आपल्या भाषेनेही येथे एक गोंधळ करून ठेवला आहे. अंगावर गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठले’ म्हणतो आणि छातीत जळजळले तरी ‘पित्त झाले’ असेच म्हणतो. दुकानात जाऊन नुसती ‘पित्ताची गोळी’ मागणाऱ्याला आम्लपित्तावरचे औषध मिळेल की अ‍ॅव्हिल, हे सर्वस्वी विक्रेत्याच्या अंदाजावर अवलंबून राहते. त्रास काय आहे ते दोन वाक्यांत स्पष्ट सांगितले, तर हा धोका सहज टळतो.

न जाणवणारी झापड

अँटिहिस्टामिन औषधांच्या दोन पिढ्या मानल्या जातात. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन ही पहिली पिढी रक्तातून सहज मेंदूत शिरते आणि गुंगी आणते. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही दुसरी पिढी मेंदूत कमी शिरते. त्यांतही भेद आहे: सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिनने काहींना चांगलीच सुस्ती येते, फेक्सोफेनाडिनने ती सहसा येत नाही. मात्र फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर किंवा आम्लपित्तावरील काही औषधांबरोबर घेतले तर अंगी कमी लागते. ते साध्या पाण्याबरोबर घ्यावे.

‘मला झोप येत नाही, मी गाडी व्यवस्थित चालवतो,’ असे सांगणारे अनेक असतात. त्यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अवश्य लक्षात घ्यावा. अ‍ॅलर्जी असलेल्या चाळीस जणांना आळीपाळीने डायफेनहायड्रामिन, फेक्सोफेनाडिन, मद्य आणि औषधविरहित गोळी देऊन वाहनचालनाच्या यंत्रावर बसवण्यात आले. मद्याचे प्रमाण रक्तात सुमारे ०.१ टक्का होईल इतके होते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी, म्हणजे ०.०३ टक्के आहे. तरीही सर्वांत वाईट वाहनचालन आढळले ते डायफेनहायड्रामिन घेतल्यावर. फेक्सोफेनाडिन घेतलेल्यांत आणि औषधविरहित गोळी घेतलेल्यांत मात्र फारसा फरक नव्हता. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की आपल्याला किती झोप येते आहे, याविषयीच्या चालकांच्या स्वतःच्या अंदाजाचा त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीशी फारसा मेळ बसला नाही. झापड जाणवली नाही म्हणजे ती नव्हती, असे म्हणता येत नाही.

क्लोरफेनिरामिनचा अंश प्रौढांच्या शरीरातून निम्म्याने कमी होण्यास साधारण वीस तास लागतात. रात्री घेतलेली गोळी सकाळी आठच्या गर्दीत दुचाकी चालवतानाही मेंदूवर काम करीत असते. एक्स्प्रेस वेवर गाडी नेणारा चालक, यंत्रावर उभा राहणारा कामगार, परीक्षेला बसणारा विद्यार्थी या सर्वांसाठी ‘रात्रीच तर घेतली होती’ हे समर्थन तोकडे आहे. जोडीला मद्य, झोपेची वा चिंतेवरची गोळी असेल, तर धोका अनेक पटींनी वाढतो.

एका गोळीत चार औषधे

आता बाजाराचे खरे अर्थकारण पाहू. ‘सर्दीची गोळी’ म्हणून खपणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत अँटिहिस्टामिन एकटे नसतेच. तापासाठी पॅरासिटामॉल, चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी फिनाइलएफ्रिन, कधी कॅफिन अशी मिसळ असते. ही मिश्रणे नावानिशी लक्षात राहतात, घटकांनिशी नाही. परिणामी सर्दीसाठी एक, तापासाठी दुसरी आणि अंगदुखीसाठी तिसरी गोळी घेणारा माणूस तिन्हींतून पॅरासिटामॉलच घेत असतो. प्रौढाने दिवसाला चार ग्रॅमची मर्यादा ओलांडली, तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते. यकृत आधीच दुबळे असेल वा मद्याची सवय असेल, तर त्याहून कमी मात्रेतही.

नाक मोकळे करणाऱ्या घटकाचा इतिहास तर बोलका आहे. पूर्वी या गोळ्यांत फिनाइलप्रोपॅनोलामिन असे. त्यामुळे मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका दिसल्याने २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले. भारतात त्यावर बंदी आली ती २०११ मध्ये. त्याची जागा घेणाऱ्या फिनाइलएफ्रिनविषयी अमेरिकी प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितले, की तोंडावाटे घेतल्यास नेहमीच्या मात्रेत ते चोंदलेले नाक मोकळे करीत नाही. २०२४ मध्ये तेथे ते काढून टाकण्याचा प्रस्तावही आला. थोडक्यात, मिसळीतील एक घटक गुंगी आणणारा, एक अजाणता दुप्पट होणारा आणि एक निरुपयोगी!

अशा मिश्रणांवर केंद्र सरकारने वेळोवेळी कुऱ्हाड चालवली आहे. २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली. ती दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन पुन्हा तपासणी झाली आणि २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी घालण्यात आली. पुढे २०२३ मध्ये आणखी १४ आणि २०२४ मध्ये १५६ मिश्रणे बाद झाली. त्यांत सर्दी-खोकल्याची अनेक होती. एवढ्या मोठ्या संख्येने औषधे आधी विकली जातात आणि मागाहून ‘शास्त्रीय आधार नाही’ म्हणून बाद होतात, यातच आपल्या मंजुरी व्यवस्थेचे अपयश दिसते.

बालकांचा प्रश्न

या ढिलाईची सर्वांत मोठी किंमत मोजली ती लहान मुलांनी. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणण्यात आले होते. या मुलांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या सर्दीच्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के आढळल्याचे तमिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याच्या तपासणीत निष्पन्न झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये ज्या विषाने रुग्णांचे बळी घेतले आणि ज्याची चौकशी न्या. लेंटिन आयोगाने केली, तेच हे विष.

मृत्यूला कारण झाली भेसळ. अँटिहिस्टामिन नव्हे, हे खरे. परंतु त्या सिरपमधील घोषित घटक कोणते होते? पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. शेवटच्या दोहोंचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्येच दिला होता आणि एप्रिल २०२५ मध्ये तशी अधिसूचनाही निघाली होती. दगावलेली बहुतेक मुले पाच वर्षांखालील होती. सिरप शुद्ध असते, तरी इतक्या लहान मुलांना त्याची गरज होती का, हा प्रश्न विषाच्या बातमीत झाकला गेला. या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य खात्याने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीलही ती सहसा देऊ नयेत.

मूल प्रवासात रडू नये, रात्री शांत झोपावे म्हणून अ‍ॅलर्जीच्या सिरपचा चमचा पाजण्याची प्रथा अनेक सुखवस्तू घरांत आहे. ती तातडीने थांबली पाहिजे. जुन्या अँटिहिस्टामिनने लहान मुलांचा श्वास मंदावू शकतो. काही मुले उलट कमालीची अस्वस्थ होतात. चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, पुरेसे दूध-पाणी आणि थोडा धीर एवढेच तान्ह्या बाळाच्या साध्या सर्दीला बहुतेक वेळा पुरते. दूध घेणे कमी झाले, श्वास जलद झाला वा छाती आत ओढली जाऊ लागली, तर तडक डॉक्टरांकडे जावे.

घरातील ज्येष्ठ

दुसऱ्या टोकाला घरातील आजी-आजोबा आहेत. स्राव सुकवण्याचा जो गुण नाक कोरडे करतो, तोच ज्येष्ठांत लघवी तुंबवतो, बद्धकोष्ठ वाढवतो, काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढवतो. प्रोस्टेट वाढलेल्या गृहस्थाने सर्दीची गोळी घ्यावी आणि मध्यरात्री लघवी अडकल्याने रुग्णालयात धाव घ्यावी लागावी, हा प्रकार डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. गुंगीमुळे तोल जातो, माणूस न्हाणीघरात पडतो, खुब्याचे हाड मोडते. गोळीवर मात्र कोणाचा संशय जात नाही. म्हणूनच अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ज्येष्ठांसाठी टाळावयाच्या औषधांच्या यादीत पहिल्या पिढीतील अँटिहिस्टामिनांचा समावेश केला आहे. मूत्रपिंड अशक्त असेल, तर सेटिरिझिनची मात्राही कमी करावी लागते. उच्च रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी नाक मोकळे करणाऱ्या घटकांची मिश्रणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

धोरणाचे काय?

चिठ्ठीविना औषध मिळू नये, असे म्हणणे सोपे आहे. पण ते व्यवहार्य नाही. प्रत्येक शिंकेसाठी डॉक्टरांचे शुल्क भरणे सामान्य माणसाला परवडणारे नाही. म्हणूनच केंद्राने २०२२ मध्ये सोळा औषधे चिठ्ठीविना विकू देण्याचा मसुदा प्रसिद्ध केला, ही दिशा योग्य होती. पाच दिवसांपेक्षा अधिक मात्रेचे पाकीट नसावे आणि तेवढ्यात बरे न वाटल्यास डॉक्टरांकडे जावे, या त्यातील अटीही शहाणपणाच्या होत्या. मात्र त्या यादीत अँटिहिस्टामिन म्हणून नाव होते ते डायफेनहायड्रामिनचे! आयोवातील प्रयोगात मद्यालाही मागे टाकणारे औषध ते हेच. २०२५ मध्ये जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेच्या नियतकालिकात या औषधाला आता कायमचा निरोप द्यावा, असे मत तज्ज्ञांनी मांडले. खुल्या विक्रीसाठी एखादे अँटिहिस्टामिन निवडायचेच असेल, तर कमी गुंगी आणणारे, एकच घटक असलेले आणि मराठीसह स्थानिक भाषांतून वाचता येईल असा इशारा छापलेले का नको?

नवे ते सारे निर्धोक, असेही नाही. गुंगी न आणणारी म्हणून गाजलेली टर्फेनाडिन आणि अ‍ॅस्टेमिझोल ही औषधे काही प्रतिजैविकांबरोबर घेतल्यास हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडवतात, हे कळल्यावर अमेरिकेत १९९८-९९ च्या सुमारास बाजारातून गेली. सेटिरिझिन वा लिव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन अचानक थांबवल्यास क्वचित अंगाला तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकी प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला.

या साऱ्याचा व्यवहारी अर्थ काय? गोळी घेण्यापूर्वी नाव नव्हे, घटक वाचावा. अ‍ॅलर्जीसाठी शक्यतो एकच घटक असलेले, कमी गुंगीचे औषध घ्यावे. पहिली मात्रा घरी असताना घ्यावी आणि त्यानंतर गाडी चालवू नये. सांगितलेल्या मात्रेहून अधिक घेतल्याने गुण वाढत नाही, गुंगी वाढते. गरोदर व स्तनदा मातांनी आणि रोजची अन्य औषधे चालू असणाऱ्यांनी आधी विचारावे. नाक सतत चोंदलेले राहत असेल, तर गोळीपेक्षा डॉक्टरांनी दिलेला नाकातील स्टेरॉइडचा फवारा अधिक उपयोगी पडतो. अ‍ॅलर्जीची त्वचेवरील चाचणी करायची असेल, तर ही गोळी काही दिवस आधी थांबवावी लागते, हे डॉक्टरांशी बोलून घ्यावे. दम लागणे, छातीत घरघर होणे यांवर अँटिहिस्टामिन हा उपाय नाही. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, चक्कर आली तर ती गंभीर अ‍ॅलर्जी समजावी. तेथे जीव वाचवते ते अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन. गोळी देऊन वाट पाहण्यात गेलेली दहा मिनिटे महागात पडू शकतात.

आणि आणखी एक. पुढच्या वेळी विक्रेत्याने कात्री उचलली, की नाव आणि मुदत असलेला तुकडाच मागून घ्यावा. तो मिळत नसेल, तर ज्यावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते ते बिल तरी घ्यावे. विक्रेत्याला हे थोडे त्रासाचे वाटेल. पण आपल्या पोटात काय जाते आहे, हे जाणून घेण्याचा हक्क चार गोळ्यांच्या गिऱ्हाइकालाही आहे.